आंटी लिलीच्या टपरीचे टेकू

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. काम संपतं, फाइल बंद होते, साइटवरचे बूट धुऊन कपाटात जातात आणि किस्से तेवढे मागे उरतात. जुरोंग ईस्टच्या आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की कुणीतरी हमखास म्हणतं, "प्रज्ञा, ते बर्गरवालं सांग ना!" मी एक सांगायला घेते, तेवढ्यात वैभव तोंड घालतो, "ताई, आधी ते बुटांचं सांगा," आणि माझी भाजी थंड होऊन जाते.

आता आम्ही हसून सांगतो. तेव्हा मात्र आमची पाचावर धारण बसली होती, हे आधीच सांगून ठेवते.

ऑफिस छोटंच आहे. मालक मिस्टर कोह, आर्किटेक्ट. वय साठीचं, जुन्या इमारती म्हणजे जीव की प्राण. त्या इमारती उभ्या राहतील की नाही हे बघणारे इंजिनियर आम्ही दोघं. दोघंही नोकरीसाठी या बेटावर आलेलो, मी मूळची अमरावतीची, आणि वैभव पुण्याचा. तो पुण्याचा आहे हे तो स्वतःच सांगतो, विचारावं लागत नाही!

*

चोआ चू कांगच्या पुढे, जिथे उंच फ्लॅट संपतात आणि कब्रस्तानं आणि मत्स्यशेती सुरू होते, तिथे रस्त्याच्या कडेला ही टपरी. टपरी हा शब्द आमचा. मिस्टर कोह तिला "पॅव्हिलियन" म्हणायचे, सरकारी कागदात ती "स्ट्रक्चर" होती, आणि मालकीणबाई नुसतंच "माय शॉप."

ब्रिटिश पलटणी अजून इथे होत्या तेव्हाची ही गोष्ट. मालकीणबाईंचे सासरे पलटणीच्या खानावळीत आचारी होते. तिथे पडलेल्या एका अमेरिकन मासिकात त्यांनी हायवेवरच्या बर्गर स्टँडचा फोटो पाहिला, पान फाडून खिशात घातलं आणि कंत्राटदारापुढे धरून म्हणाले, "असंच!"

तिकडे अमेरिकेत त्या काळी मोटारी सुसाट सुटलेल्या. पाटी वाचायला वेळ कुणाला? म्हणून दुकानच पाटीसारखं करायचं, आणि छप्पर असं उडवायचं की लांबूनच ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला पाहिजे. आमच्या टपरीचं छप्पर म्हणजे उघडून धरलेलं पुस्तक. मधे बारीक खांबांची जोडी, आणि दोन्हीकडे काँक्रीटचे पातळ पंख वर उचललेले. पंखांच्या टोकाखाली काहीही नाही. नुसती हवा! त्याखाली तिरक्या काचा, टेराझोचा, म्हणजे संगमरवरी चुरीचा घोटीव काउंटर, जमिनीत पक्की बसवलेली लाल रेक्झिनची स्टुलं, आणि अर्धी अक्षरं विझलेली निऑनची पाटी.

मिस्टर कोह पहिल्याच दिवशी आम्हाला घेऊन गेले. गाडीतून उतरले, छपराखाली जाऊन उभे राहिले आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं.

"टेक ऑफ युअर हेल्मेट्स," ते हळूच म्हणाले. "धिस इज द लास्ट वन."

आम्हीही काढली. शोकसभेत उभं राहावं तसे तिघं दोन मिनिटं शांत उभे. मग वैभवने मान वर केली.

"सर, खांबापाशी क्रॅक आहे."

"हेल्मेट्स ऑन!" मिस्टर कोह किंचाळले आणि आमच्या आधी स्वतःच बाहेर पळाले.

*

मालकीणबाई म्हणजे आंटी लिली. सत्तरीच्या, अंगाने काटक, आवाज एखाद्या हेडमास्तरीणबाईंचा. लग्न होऊन आल्या त्या या काउंटरमागे उभ्या राहिल्या, त्या अजून उभ्याच. नवरा गेला. मुलगा ऑस्ट्रेलियात, सारखा बोलावतो. "तिकडे जाऊन करू काय? सोफ्यावर बसून मरू?" असं त्या गिऱ्हाइकांना विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पॅटी उलटायच्या.

प्रश्न असा होता की रस्ता रुंद होणार होता. टपरी रस्त्यात येत नव्हती, अगदी कडेला येत होती. तिथे एक छोटी बाग व्हायची होती. छप्पर सुरक्षित ठरलं तर टपरी त्या बागेत राहणार आणि आंटीच ती चालवणार. नाही ठरलं तर जमीनदोस्त. ठरवणार होते सरकारी खात्याचे मिस्टर राजन, महिनाअखेरीला, आमचा रिपोर्ट वाचून आणि स्वतः डोळ्यांनी बघून.

त्यामुळे आंटी येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न करायच्या, "यू कीप ऑर यू ब्रेक?"

मिस्टर कोह म्हणाले, "कीप!" त्यांना भरपूर कांदा घातलेला चिकन बर्गर मिळाला. मीही म्हणाले, "कीप!" माझ्या बर्गरवर तर अंडंसुद्धा आलं.

वैभवची पाळी आली. तो पडला तत्त्वाचा माणूस. "आंटी, आम्ही इंजिनियर. तपासणी होईपर्यंत आम्ही न्यूट्रल असतो."

आंटीने मान डोलावली आणि त्याच्यापुढे प्लेट सरकवली. वैभवने पाव उचलून पाहिला. आत काहीच नव्हतं!

"न्यूट्रल," आंटी म्हणाल्या.

*

माझ्यावर त्यांचा लोभ जरा जास्त होता. मी बौद्ध आहे हे कळल्यावर तर त्या खूशच झाल्या. त्याही बौद्ध, काउंटरच्या कोपऱ्यात त्यांची क्वान यिन देवीची मूर्ती, पुढे संत्री ठेवलेली.

"तुझ्या घरी कोण?" त्यांनी विचारलं.

मी फोनवर घरचा फोटो दाखवला. बुद्धमूर्ती, आणि शेजारी कोट-टाय घातलेल्या, चष्मा लावलेल्या आमच्या बॅरिस्टरांची तसबीर.

"हे कोण? गॉड?"

"नाही आंटी. वकील होते. कायदा लिहिला त्यांनी. माणसांना बसायला जागा मिळवून दिली."

आंटीने फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला.

"लॉयर," त्या म्हणाल्या. "गुड. आता देवापेक्षा मला तेच लागणार."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण तोवर ती चीर मी जवळून पाहिली होती. केसाएवढीच होती, पण बरोबर खांबापाशी, जिथे पंख सुरू होतो तिथे. पाणी झिरपून आतली सळी गंजली असेल तर सगळा खेळ खलास. ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता, आणि आंटीला मी यातलं काही बोलले नाही.

*

आता बुटांचं.

एका दुपारी आम्ही टपरीत असताना वादळ आलं. इथे ते असंच येतं, आभाळ काळं होतं आणि पुढच्या क्षणी समोरचा रस्ता दिसत नाही. छप्पर पुस्तकासारखं, त्यामुळे सगळं पाणी मधल्या घळीत जमा होतं आणि पोकळ खांबातून खाली जातं. त्या दिवशी ते जाईना. झाडांचा पाला अडकला होता.

पाणी चढत होतं. काँक्रीटवर किती वजन आलंय याचा वैभव मनात हिशोब करत होता, हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं. त्याने आंटीच्या कपडे वाळत घालायच्या बांबूला आकडा बांधला, मागच्या शिडीवर चढला आणि भर पावसात घळीत ढोसायला लागला. मी शिडी धरून. मिस्टर कोह खांबापाशी उभे राहून वर ओरडत होते, "जेंटली! जेंटली! दॅट इज हेरिटेज!"

आणि पाला सुटला!

त्या खांबाचं तोंड खाली कुठे उघडतं, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मिस्टर कोहांच्या पायाशी उघडत होतं. इटालियन बूट, मोजे, पँट गुडघ्यापर्यंत, सगळं काळ्या पाण्यात. मिस्टर कोह जागचे हलले नाहीत. खाली बघून म्हणाले, "ब्यूटिफुल डीटेल."

*

त्या वादळाने वैभवला मात्र घाबरवलं. परतीच्या वाटेवर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तो फोनवर आकडेमोड करत राहिला. जुरोंग ईस्टला उतरताना म्हणाला, "ताई, उद्याच टेकू लावू या. पंखांच्या टोकांना. उद्या परत असं पाणी साठलं आणि आंटी खाली असली तर?"

आपल्याकडचा इंजिनियर दुसरं काय सुचवणार! जुनी गॅलरी दिसली, लाव टेकू. चाळीचा सज्जा दिसला, लाव टेकू. आपल्या गावात टेकू लागल्यावर पिढ्या जगतात त्या इमारती. मिस्टर कोहांना कल्पना पटली, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पंखांच्या टोकांखाली लोखंडी टेकू उभे राहिले. त्यांना खाली स्क्रू असतात, फिरवले की टेकू वर उचलला जातो. वैभवने जातीने फिरवून घेतले. "घट्ट हवेत," तो म्हणाला. "ढिला टेकू काय कामाचा?"

आंटीने टेकूंकडे पाहून नाक मुरडलं. "माझ्या शॉपला काठ्या? म्हातारं झालं का ते?"

आठवडाभरात नवीन चीर आली.

खांबापाशी नव्हे. पंखाच्या मधोमध, खालच्या बाजूला, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ! आंटीनेच दाखवली. स्टुलावर चढून त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, "ही तेव्हा नव्हती. हो ना?"

वैभवच्या तोंडचं पाणी पळालं. "छप्पर बसतंय, ताई," तो मला म्हणाला, आणि टेकू अजून घट्ट केले.

चीर अजून रुंदावली. मग टेकू अजून घट्ट!

*

मिस्टर राजन मधे एकदा पाहणीला आले. उंच, शांत, शर्टाची घडी न मोडलेली. त्यांची ख्याती अशी की साइटवर ते एकच शब्द बोलतात.

मिस्टर कोहांनी छपराचं सौंदर्य समजावून सांगितलं.

"नोटेड," मिस्टर राजन म्हणाले.

मी खांबाजवळच्या जुन्या चिरेबद्दल सांगितलं. "नोटेड." वैभवने नवी चीर दाखवली, तेव्हा त्यांनी मान वर करून ती बराच वेळ पाहिली. "नोटेड."

ते गेल्यावर आम्ही तिघं त्या शेवटच्या 'नोटेड'चा अर्थ लावत बसलो. मिस्टर कोह म्हणाले, आवाज जरा मऊ होता. वैभव म्हणाला, उलट जरा कडकच होता. आंटी काउंटर पुसत होत्या. "तो माणूस माझ्याकडे एकदाही बघत नव्हता," त्या म्हणाल्या. "पाडायचं ठरवलेला माणूस असाच वागतो."

दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कामाचा पिवळा एक्स्कॅव्हेटर टपरीपासून हाकेच्या अंतरावर येऊन उभा राहिला. तो दुसऱ्याच कामाला आला होता, असं सगळे सांगत होते. आंटीने त्याच्या ड्रायव्हरला बर्गर विकायला साफ नकार दिला.

*

काँक्रीटच्या आतली सळी बाहेरून शोधायचं यंत्र असतं. भिंतीवर फिरवलं की सळी जिथे असेल तिथे आवाज करतं. ते भाड्याने मिळायला उशीर झाला. आलं तेव्हा महिना संपत आला होता.

वैभव शिडीवर चढून पंखाच्या खालच्या बाजूने ते फिरवायला लागला. इकडून तिकडे फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं, तरी आवाज नाही. खाली उभ्या असलेल्या मिस्टर कोहांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

वैभव खाली उतरला. "सळीच नाही, ताई. खालून काहीच नाहीये. नुसतं काँक्रीट आहे. इतकी वर्षं हे पडलं कसं नाही?"

मिस्टर कोह एका स्टुलावर बसले. "देन वी हॅव टु राइट इट," ते म्हणाले. "राइट दॅट इट इज अनसेफ." आणि त्यांनी खरंच चष्मा काढून डोळे पुसले. आंटी काउंटरच्या पलीकडून आमच्या तोंडांकडे बघत होत्या.

मी वर बघत होते. पातळ पंख, टोकाखाली काही नाही. म्हणजे टेकू लावायच्या आधी काही नव्हतं. आणि एकदम मला अमरावतीच्या साइट्स आठवल्या. नोकरीची पहिली काही वर्षं मी छज्ज्यांवर ओरडण्यात घालवली आहेत. खिडकीवरचा साधा छज्जा. तो भिंतीतून बाहेर लोंबतो, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून त्याची सळी वर ठेवायची असते. आणि काँक्रीट ओतताना माणसं त्या सळीवर पाय देऊन देऊन ती खाली दाबतात. "सळी वर घ्या! सळी वर!" हे माझं त्या वर्षांतलं रोजचं बोलणं. घरच्यांनी तर मला तेच नाव ठेवलं होतं.

"वैभव," मी म्हणाले, "छज्ज्याला खालून सळी असते का रे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग पंखाकडे पाहिलं, मग टोकाखालच्या टेकूकडे. ज्या अंगाला एकही सळी नाही, त्याच अंगाला आम्ही खालून रेटा देऊन ताण आणला होता. स्क्रू जितका घट्ट, तितकी चीर मोठी. हे छप्पर बसत नव्हतं. आम्ही ते उचलून मोडत होतो!

वैभवने हातातलं यंत्र काउंटरवर ठेवलं. "ताई," तो म्हणाला, "मी टपरीला वाचवायला निघालो होतो हो."

*

बूम लिफ्ट, म्हणजे माणसाला वर उचलणारी क्रेन, आणून आम्ही छपराच्या वरच्या बाजूने यंत्र फिरवलं. ते असं कोकलायला लागलं की थांबेना. सळीच सळी! पलटणीच्या आचाऱ्याने आणि त्याच्या कंत्राटदाराने कंजूषी केली नव्हती.

पण खांबापाशी ती गंजली आहे की शाबूत आहे, हे यंत्र सांगत नाही. टेकू काढले तरच कळणार होतं. शाबूत असेल तर पंख जरासा खाली येऊन थांबेल, खालची चीर आपोआप मिटेल. गंजली असेल तर थांबणार नाही.

आणि त्याआधी मिस्टर राजनना सांगायचं होतं की चीर आमच्या टेकूंनी पडली. मिस्टर कोह फोन हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले. नाही सांगितलं तर आंटीचं दुकान जाणार, सांगितलं तर इतक्या वर्षांचं नाव जाणार. त्यांनी फोन लावला आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. वैभवचं नावसुद्धा घेतलं नाही, 'माय ऑफिस' म्हणाले.

पलीकडून मिस्टर राजन पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "टेकू माझ्यासमोर काढा. थांबलं तर ठेवू. नाही थांबलं, तर मशीन तिथेच उभं आहे."

*

आदल्या संध्याकाळी सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ताटातलं नुसतं चिवडत होते. माझी लेक आर्या दहा वर्षांची. तिला मी मराठीत विचारलेलं कळतं, उत्तर मात्र तिच्या शाळेच्या भाषेतच येतं.

"ममा, इफ द रूफ फॉल डाउन, यू गो जेल अह?"

"आर्या!" संदीप, माझा नवरा, ओरडला. "जेवताना असलं काही बोलायचं नाही. काही होत नाही आईला. इतकी वर्षं काम करतेय ती."

तिने खांदे उडवले. "ओन्ली आस्किंग, लाह."

मग संदीपने पोळीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला आणि खाली बघत मला विचारलं, "पण खरंच, जावं लागतं का गं?"

*

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही साइटवर होतो. टपरीभोवती लाल-पांढरी फीत बांधली. टेकूंच्या शेजारी जाड लाकडी ठोकळ्यांची रास रचली, पंखाच्या खाली जराशी फट ठेवून. छप्पर आलंच खाली, तर ठोकळ्यांवर अडेल आणि माणूस वाचेल. छप्पर नाही वाचणार, त्याचे तिथेच दोन तुकडे होतील.

आंटीला रस्त्यापलीकडे झाडाखाली खुर्ची दिली होती. त्या बसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. अंगावर स्वच्छ धुतलेला एप्रन, केस नीट विंचरलेले. मिस्टर राजन फितीपाशी, हात मागे बांधून. मिस्टर कोह त्यांच्या शेजारी, पण त्यांनी छपराकडे पाठ केलेली. "मला बघवणार नाही," ते म्हणाले. "झालं की सांगा."

कंत्राटदाराच्या माणसाने पाना उचलला तेव्हा वैभव पुढे झाला. "दे इकडे. मी लावलेत, मीच काढणार."

माझं काम दुर्बिणीतून बघायचं. पंखाच्या टोकाला आम्ही मोजपट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर एक लाल खूण केली होती. माझा हिशोब सांगत होता, छप्पर लाल खुणेपर्यंत उतरेल आणि थांबेल. खुणेच्या खाली गेलं, तर आतली सळी गेलेली आहे.

वैभवने पहिला स्क्रू जरासा सैल केला. पट्टी हलली. मी हात वर केला, थांब! सगळे थांबले. पट्टी थांबली. हात खाली, पुन्हा एक वळसा. पुन्हा हलली. असं चाललं होतं. वैभवच्या शर्टावरचा घाम मला तिथून दिसत होता. पट्टी लाल खुणेकडे सरकत होती आणि मी मनातल्या मनात त्या बाप्याला, आंटीच्या सासऱ्याला विनवत होते की बाबा, कंत्राटदाराला तू उन्हात उभं राहून सळी वर घ्यायला लावली असशील ना?

तेवढ्यात आवाज झाला. टक्!

वैभव जागच्या जागी गोठला. रस्त्यापलीकडे खुर्ची आडवी पडली. मिस्टर कोह पाठ फिरवूनच म्हणाले, "व्हॉट वॉज दॅट? प्रज्ञा! व्हॉट वॉज दॅट?"

टेकूच्या डोक्यावरची लोखंडी प्लेट छपराच्या जुन्या रंगाला चिकटली होती, ती सुटली होती. एवढंच! टेकू आणि छप्पर यांच्यात बोटभर उजेड दिसत होता. छप्पर आता कशावरच टेकलेलं नव्हतं, आणि पट्टी लाल खुणेवर होती.

मी डोळा दुर्बिणीवरून काढला नाही. खुणेवरच आहे. अजून खुणेवरच आहे. वैभव दुसऱ्या पंखाखाली गेला. तिथेही तेच, वळसा, थांब, वळसा, थांब. तोही पंख उतरला आणि थांबला. खालची चीर आता शोधावी लागत होती.

"होल्डिंग," मी म्हणाले.

मिस्टर राजननी घड्याळ पाहिलं. बराच वेळ आम्ही सगळे नुसते उभे. ऊन वर आलं, लॉऱ्या गेल्या, रस्ता हादरला, पट्टी हलली नाही. मग त्यांनी ठोकळ्यांच्या राशीकडे बोट केलं.

"टेक दॅट आउट ऑल्सो."

मिस्टर कोह आता वळले. ते माझ्याकडे बघत होते, मी वैभवकडे. हे ठोकळे म्हणजे आमचा शेवटचा धीर होता. मी मान हलवली. वैभवने आणि त्या माणसाने एकेक ठोकळा ओढून बाहेर काढला. पंखांखाली पुन्हा नुसती हवा उरली, कित्येक वर्षं होती तशी.

पुन्हा सगळे वाट बघत उभे राहिले. आंटी रस्ता ओलांडून फितीपर्यंत आल्या होत्या, त्यांना कुणी अडवलं नाही. त्या मिस्टर राजनच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. ते मात्र छपराकडे बघत होते. त्यांच्या हातात पाडकामाचा कागद होता. त्यांनी तो दुमडून खिशात घातला.

मग ते खाली वाकले, फितीखालून आत गेले, सावकाश चालत काउंटरपाशी पोचले आणि पंखाच्या अगदी टोकाखालचं स्टूल निवडून त्याच्यावर बसले. दोन्ही कोपरं काउंटरवर ठेवली.

"आंटी," त्यांनी मान न वळवता हाक मारली. "वन चिकन बर्गर. एक्स्ट्रा ओनियन."

आंटीने माझ्याकडे पाहिलं, मिस्टर कोहांकडे पाहिलं. मग फीत वर उचलून त्या आत गेल्या, काउंटरमागे जाऊन त्यांच्या जागेवर उभ्या राहिल्या, तवा पुसला, खाली वाकल्या, आणि ताठ उभ्या राहून आमच्यावर इतक्या जोरात ओरडल्या की एक्स्कॅव्हेटरच्या ड्रायव्हरनेही मान वळवली.

"गॅस यू पीपल टेक अवे ऑलरेडी! हाउ टु कुक?"

वैभव आणि मिस्टर कोह दोघंही एकदम सिलेंडर आणायला धावले.

मिस्टर राजननी समोरचा सॉसचा डबा जरा बाजूला सरकवला आणि कोपरं नीट टेकवली.

"नेव्हर माइंड, आंटी," ते म्हणाले. "आय कॅन वेट."